मदत हवी आहे: घरातल्या तिघांची तपासणी करायची आहे, कोणत्या चाचण्या खरंच लागतात? (बेळगाव)

उचगावची:
नमस्कार मंडळी. घरात मी (३९), नवरा (४६, उद्यमबागला फौंड्रीत मोल्डिंगला) आणि सासूबाई (६७). तिघांनाही गोळी-औषध काही चालू नाही. ताप आला की गावातल्या डॉक्टरची सुई, एवढाच आमचा दवाखान्याशी संबंध.

आता विषय निघाला तो नवऱ्याच्या चुलतभावामुळं. अंधुक दिसतंय म्हणून चष्म्याचा नंबर काढायला गेला, तर डोळ्याच्या डॉक्टरांनी आतला पडदा बघून "आधी साखर तपासून या" म्हणून पाठवलं. तीनशेच्या वर निघाली. पडद्यापर्यंत जायला साखरेला वर्षं लागतात म्हणे. तोवर हा गडी शेतात राबतोय, दोन वेळ जेवतोय, कुणाला काही पत्ता नाही.

त्यातच गावात एका लॅबनं कॅम्प लावलाय. 'फुल बॉडी', नव्वदच्या वर चाचण्या, थायरॉइड, व्हिटॅमिन आणि वर कॅन्सर मार्कर. तिघांचं करायचं तर माझी सगळी भिशी गेली. नवरा म्हणतोय, "धडधाकट माणसाच्या नव्वद गोष्टी बघितल्या तर काहीतरी निघणारच की." त्याचं म्हणणं अर्धं पटतंय, हीच पंचाईत.

तर हे पॅकेज घ्यावं का? महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना (फुकट उपचाराची) लागू केली, त्यात हे बसतं का? आणि उपकेंद्रात फॉर्म कन्नडमधून असतात. मला जेमतेम वाचता येतं, सासूबाईंना अजिबात नाही. (त्यांची तशी तक्रार नाही. माहेर निपाणीचं, लग्नाआधी तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या, मिश्री अजून सुटलेली नाही. हल्ली आमटी झोंबते म्हणून भाकरी दुधात कुस्करून खातात. गालाच्या आत चुना लागल्यासारखा पांढरा डाग आहे, दाढ घासते म्हणतात.)

खानापूरची सिस्टर:
ताई, कंसात लिहिलंय ते आधी घ्या, बाकी सगळं नंतर. मिश्री, तिखट झोंबणं आणि पुसून न जाणारा पांढरा डाग ही नेहमीची तपासणी नव्हे, ही तक्रार आहे. तोंडातला डाग किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर दाखवायचीच. असे बरेचसे डाग कॅन्सरचे नसतात, त्यामुळं घाबरवत नाही. पण ते डॉक्टरांनी बघून, लागलं तर छोटा तुकडा तपासून ठरवायचं. दाढ खरंच घासत असेल तर तीही तिथंच घासून देतील. मराठा मंडळच्या डेंटल कॉलेजच्या ओपीडीत न्या, मराठी चालतं. तोंड किती उघडतं तेही त्यांना सांगा.

तुमच्या त्या पॅकेजात नव्वद चाचण्या आहेत, पण सासूबाईंच्या तोंडात बॅटरी मारून कुणी बघणार आहे का? नाही ना.

आता तुमचं. ३० च्या पुढच्या सगळ्यांसाठी सरकारी कार्यक्रमात बीपी, साखर, तोंड आणि बायकांसाठी स्तन व गर्भाशयाचं तोंड, एवढं बघतात. फुकट. आशा घरी येऊन फॉर्म भरते: वय, तंबाखू, कंबरेचा घेर, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का. फॉर्म कन्नडमध्ये असला तरी आपल्या पट्ट्यातल्या बहुतेक आशांना मराठी येतं, विचारून भरून घ्या. गर्भाशयाच्या तोंडाची व्हीआयए तपासणी पाच वर्षांतून एकदा. सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून बघतात, काही मिनिटांत कळतं, सुई नाही की भूल नाही. बायका लाजून टाळतात आणि नंतर आमच्याकडं येतात तेव्हा काम वाढलेलं असतं. उपकेंद्रात कोणत्या वारी करतात ते आधी विचारून जा.

जुना लॅबवाला:
तुमचे मिस्टर हुशार आहेत. नॉर्मल रेंज ठरवतानाच साधारण ९५ टक्के निरोगी माणसं आत बसतील अशी ठरवतात. म्हणजे ठणठणीत माणसाच्या वीस चाचण्या केल्या तर एखादी रेंजबाहेर म्हणून ठळक अक्षरात येणार. नव्वद केल्यावर किती, हिशेब करा. मग त्या ठळक आकड्यामागं सोनोग्राफी, पुन्हा रक्त, पुन्हा डॉक्टर. कॅन्सर मार्कर तर मुख्यतः आजार कळल्यावर उपचार लागू पडतायत का हे बघायला वापरतात. निरोगी माणसाला त्याचा घोर तेवढा लागतो.

म्हणून काहीच करू नये असं मात्र नाही, हे मिस्टरांना सांगा. उपाशीपोटी साखर किंवा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (किडनीसाठी), साधी लघवी. एचबीएवनसी ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. त्याला उपाशी राहावं लागत नाही. तुमच्या चुलत दिराला हीच एक चाचणी आधी झाली असती तर पुरे होतं.

वाळूमाती:
फौंड्री म्हटल्यावर राहवलं नाही, मीही त्याच लायनीत होतो. मोल्डिंगच्या वाळूत सिलिका असते. तिची धूळ फुफ्फुसात बसली की निघत नाही, आणि दम लागायला लागेपर्यंत माणसाला कळत नाही. छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री करून घ्या, कानही तपासा. कायद्यानं धोकादायक कामावरच्या कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी मालकानं करायची असते, त्या यादीत फौंड्री आहे. छोट्या शेडमध्ये कोण करतोय हा वेगळा विषय! पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर चाळिशीपुढच्या तपासणीचं तिथं विचारा. बीपी मात्र नाइट शिफ्टवरून उतरल्या-उतरल्या मोजू नका. पाच मिनिटं शांत बसून, तंबाखू-चहा न घेता. १४०/९० च्या वर आलं तर दुसऱ्या दिवशी परत मोजायचं.

८६५ गावांची योजना काय, किंवा इकडची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक काय, दोन्हींचा भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. लॅबच्या पॅकेजला त्यातून काही मिळत नाही. पण रेशन कार्ड-आधार जागेवर असू दे.

उचगावची:
सगळ्यांचे आभार. कॅम्पवाल्याला नाही म्हणून सांगितलं. आशाताईंशी बोलले, माझं आणि सासूबाईंचं बीपी-साखर उपकेंद्रातच होतंय. नवरा स्पायरोमेट्रीला लगेच तयार झाला, रक्ताला अजून नाही. आता सासूबाईंचं: डाग दिसायला नको म्हणून जायच्या आदल्या दिवशी तोंड मिठानं घासून जाते म्हणतायत. चालेल का?

खानापूरची सिस्टर:
अजिबात नको! घासून लाल झालं की डॉक्टरला नीट कळणार नाही. साधी चूळ भरून जायचं. मिश्रीचा डबाही बरोबर न्या, कोणती आणि दिवसातून किती वेळा ते विचारतील. आणि पोटभर जेवून जा, ओपीडीत वेळ लागतो.