मदत हवी आहे: भट्टीतल्या इन्कोनेल ७१८ च्या दांड्यांना झोळ का आला?

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट आहे. भट्टीत माल टांगायचे स्टेनलेसचे दांडे सारखे वाकायचे, म्हणून ७१८ या निकेलच्या मिश्रधातूचे, एजिंग केलेले (ठरावीक तापमानाला धरून ताकद आणलेले) २५ मिमीचे दांडे आणले. बाबांनी त्यासाठी वर्षभराची शिल्लक मोडली. भट्टी ८५० अंशांवर चालते, वजन पूर्वीइतकंच. दीड महिन्यात मधोमध बोटभर झोळ! गार झाल्यावरही तो तसाच राहतो.

सर्टिफिकेटवर यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो) १०३४ मेगापास्कलच्या वर आहे. मी काढलेला बेंडिंगचा ताण ४० सुद्धा भरत नाही. स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ती तपासणी) करून घेतलं: निकेल ५३ टक्के, नायोबियम ५. मग हे वाकतंय कशानं? बाबांना काय सांगू तेच कळेना.

प्रतिसाद
दादा, माल ७१८च आहे, त्याची काळजी सोडा. ती यील्ड गार तुकड्याची, काही मिनिटांच्या चाचणीतली. तुमचा दांडा शेकडो तास तापलाय. यील्डच्या कितीतरी खालच्या ताणाखालीही तापलेला धातू हळूहळू सरकत राहतो, तो क्रीप. ७१८ साधारण १५३३ केल्विनला वितळायला लागतं, तुमची भट्टी ११२३ वर. म्हणजे जवळजवळ पाऊणपट!

त्यात ७१८ ची ताकद असते गॅमा डबल प्राइम नावाच्या, निकेल-नायोबियमच्या बारीक कणांत. ते कण डिसलोकेशनना, म्हणजे ज्यांच्या सरकण्यानं धातू वाकतो त्या आतल्या दोषांना, अडवतात. एजिंगमध्ये ते ७२० अंशांच्या आसपास तयार होतात आणि तुमची भट्टी त्याच्याही १३० अंश वर. तिथं ते फुगतात, त्यांचा डेल्टा फेज (वेगळ्या रचनेचे जाड कण) होतो आणि अडवणारं फारसं काही उरत नाही. ६५० च्या वर सतत भार असेल तर ७१८ घेऊच नये.

सध्या मधे एक टेकू द्या. ताण निम्मा झाला की क्रीपचा वेग निम्म्याहून खूपच खाली येतो. दर आठवड्याला दांडा अर्धा फेरा फिरवा. नवे घेताना इन्कोनेल ६१७ बघा, त्याची ताकद मुख्यतः कोबाल्ट-मॉलिब्डेनमची. दाणा (धातूचा आतला स्फटिक) मोठा असलेला मागा, कारण दाण्यांच्या सीमा कमी तितकी सरक कमी. आणि ८५० अंशांचा १००० तासांचा क्रीपचा तक्ता बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता
काका, टेकू उद्याच बसवतो. वाकलेले दांडे सरळ करून पुन्हा एजिंग केलं तर चालतील का?

प्रतिसाद
नुसतं एजिंग पुरणार नाही, आधी सोल्यूशन ट्रीटमेंट करून, म्हणजे खूप तापवून, डेल्टा विरघळवावा लागेल. ताकद येईल, पण याच भट्टीत वापरलेत तर ती पुन्हा निघून जाईल. ६०० अंशांच्या आतलं टेम्परिंग करता ना? तिथं वापरा.