चालू जँगो अ‍ॅपवर नवीन व्हर्जन टाकताना ५०२ येतो, शिवाय कॉलमचं नाव बदलायचंय

संकलनवाला: नमस्कार मंडळी. दूध संकलनाचं अ‍ॅप आहे. जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क), ते चालवणारा गनिकॉर्न, पुढे एन्जिनएक्स (वेब सर्व्हर), मागे पोस्टग्रेस (डेटाबेस), सगळं एकाच सर्व्हरवर. सकाळ-संध्याकाळ केंद्रावरची मुलं फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), लिटर भरत असतात, दुपारी पशुखाद्याची बिलं. म्हणजे निवांत वेळ नाहीच. सर्व्हिस रीस्टार्ट केली की काही सेकंद ५०२ (मागच्या अ‍ॅपकडून नीट उत्तर नाही, अशी एरर) दिसतो आणि फोन सुरू. या वेळी 'रेट' कॉलमचं 'बेस_रेट' करायचंय. कुबरनेटीस (कंटेनर सांभाळणारी मोठी यंत्रणा) न आणता जमेल का?

रात्रपाळी: रीस्टार्ट नको, रीलोड करा. गनिकॉर्नच्या मास्टर प्रोसेसला हप (रीलोडचा) सिग्नल गेला की नवे वर्कर (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस) उभे राहतात आणि जुने हातातली रिक्वेस्ट संपवून जातात. त्यांना डीफॉल्ट ३० सेकंद मिळतात. मात्र प्रीलोड (वर्करआधी मास्टरमध्येच अ‍ॅप लोड करणं) चालू असेल तर हपने नवा कोड येत नाही.

संकलनवाला: प्रीलोड नाही. रीलोडने ५०२ गेला, आभार! पण मायग्रेशनचं (टेबलाच्या रचनेतल्या बदलाचं) काय?

जुनंखोड: रीलोडच्या वेळी जुने-नवे वर्कर थोडा वेळ एकाच टेबलावर काम करतात, त्यामुळे टेबल दोघांनाही चालायला हवं. थेट रीनेम केलात तर जुना कोड पहिल्याच क्वेरीला पडेल, आणि तो क्षण नेमका कुणाचं तरी दूध मापात असण्याचा.

आधी सांगा, नवं नाव फक्त कोडमध्ये हवंय का? मग मॉडेलमधल्या फील्डचं नाव बदला आणि त्याला डीबी_कॉलम='रेट' (डेटाबेसमधलं कॉलमचं नाव) द्या. एसक्यूएलमायग्रेट (मायग्रेशनचं एसक्यूएल नुसतं दाखवणारी कमांड) चालवून डेटाबेसवर काही होत नाही ना, ते बघा. झालं काम.

कॉलमच नवा हवा असेल तर तो नल (रिकामा) चालेल असा जोडा, मग दोन्हींत लिहिणारा कोड टाका. जुन्या नोंदी थोड्या थोड्या भरा. वाचन नव्यावर नेल्यावर जुन्याचं नॉट नल काढा, मॉडेलमधून फील्ड काढा, आणि तो कोड स्थिरावला की मगच कॉलम ड्रॉप. हे वेगवेगळे डिप्लॉय आहेत, एकात कोंबू नका.

आणि लॉक_टाइमआउट (लॉकसाठी किती वेळ थांबायचं ती मर्यादा) लावाच. कॉलम जोडणं क्षणाचं असलं तरी ऑल्टर टेबलला पूर्ण लॉक लागतं. कुणी पंधरवड्याचा मोठा रिपोर्ट काढत असेल तर ऑल्टर टेबल थांबून राहतं, आणि त्याच्यामागे साधे सिलेक्टही (वाचनाच्या क्वेरी) तुंबतात. २ सेकंद ठेवा. नाही मिळालं लॉक तर पुन्हा चालवा.

संकलनवाला: नाव कोडपुरतंच हवं होतं, डीबी_कॉलमने भागलं. गाय-म्हशीचे दर वेगळे करायचेत, तिथे मात्र दोन्हींत लिहिण्याची पद्धत लागेल. तेव्हा इथेच विचारतो.