पहाटे छातीत दुखतं, अँजिओग्राफी मात्र साफ

प्रश्न (चोपड्याचे डॉक्टर, एका रुग्णाबद्दल): वय ४६, बिडी ओढणारा शेतकरी. केळीला रात्रीचं पाणी भरून आला की पहाटे चारच्या सुमारास छाती आवळते, दहा मिनिटांत थांबते. दिवसा कितीही कष्ट करो, त्रास नाही. दिवसाचा ईसीजी नॉर्मल, अँजिओग्राफीही साफ. ॲसिडिटी समजावी का?

उत्तर १ (जळगाव): नाही हो, डॉक्टर. विश्रांतीत, मध्यरात्र ते पहाट, तेही बिडीवाल्याला, म्हणजे हृदयाच्या धमनीचा आकस (ती काही वेळ आवळली जाणं) आधी डोक्यात यायला हवा. १९५९ साली प्रिंझमेटल या डॉक्टरने वर्णन केलेला तो हाच. दुखताना ईसीजी काढला तर एसटी (ईसीजीच्या रेघेचा एक भाग) उचललेला दिसतो. कळ गेली की रेघ पुन्हा जागेवर. म्हणून दुपारचा कागद बघून निर्धास्त होऊ नका, होल्टर (दिवसरात्र ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावा. आकस लांबला तर ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची रक्तातली खूण) वाढतं, ठोके बिघडून जीवही जातो.

उत्तर २ (धुळे): औषधात धमनी सैल ठेवणारी डिल्टियाझेम किंवा अ‍ॅम्लोडिपिन, दीर्घ परिणामाची गोळी झोपताना द्या, म्हणजे पहाट सांभाळली जाते. बरं वाटलं म्हणून एकदम बंद केली तर आकस पुन्हा उसळतो. प्रोप्रॅनोलॉल (ठोके मंदावणारी बीटा-ब्लॉकर गोळी) टाळा. अर्धशिशीची सुमाट्रिप्टानसुद्धा. बिडी सुटली नाही तर गोळ्या अपुऱ्याच पडतात.

उत्तर ३ (भुसावळ): घरच्यांना हे नक्की सांगा: कळ आली की बसवून सॉर्बिट्रेट (धमनी सैल करणारी गोळी) ५ मिग्रॅ जिभेखाली, उभ्याने नको, बीपी पडतं. सिल्डेनाफिल (लैंगिक दुर्बलतेची गोळी) घेतली असेल तर अजिबात नाही. पाच मिनिटांत उतरली नाही तर १०८. आकसच असेल म्हणून घरी वाट बघायची नाही. गुठळीचा झटका सुरुवातीला असाच दिसतो.