धाकट्याला पलीकडच्या पेठेतून बोलावणं आलंय, तालीम बदलावी का? सल्ला द्या

जुनी_गॅलरी:
मंडळी, विषय घरचा आहे म्हणून तालमींची, म्हणजे आमच्याकडच्या पेठापेठांच्या फुटबॉल संघांची, नावं टाळतोय. कोल्हापूरकरांनी ओळखायच्या भानगडीत पडू नका, आणि ओळखलंच तर गप्प बसा.

धाकटा भाऊ १९ वर्षांचा, उजव्या विंगला, म्हणजे उजव्या कडेनं हल्ल्याला, खेळतो. पहिल्यापासून आमच्याच तालमीकडून. वडील त्याच तालमीचे, चुलते त्याच तालमीचे, आमची गणपतीची वर्गणीही तिथंच जाते. परवा रात्री साडेनऊला पलीकडच्या पेठेतले दोघं बुलेटवरून घरी आले. चहा घेतला, आईच्या चकल्या खाल्ल्या आणि टेबलावर एक खोकं ठेवलं. आत नवे कोरे फुटबॉलचे बूट. मग आकडा सांगितला. तो इथं लिहीत नाही, पण पोरगं मेडिकलच्या दुकानात महिनाभर राबून जे आणतं त्याच्या आठपट आहे. एका हंगामाचे. नोंदणी सुरू व्हायच्या आत कळवा म्हणाले आणि गेले. बूट नऊ नंबरचे आहेत, भावाला सात लागतो. बदलून आणतो म्हणाले, पण ठेवून गेलेत.

आता यामागचं दुखणं सांगतो. गेल्या हंगामात शाहू स्टेडियमवर उपांत्य सामना होता. भाऊ उजवीकडनं आत शिरला, डाव्या पायानं मारला, चेंडू लांबच्या खांबाला चाटून जाळ्यात. गॅलरी उठली. ह्यानं जर्सी काढली आणि डोक्यावर गरगर फिरवत धावला. आधीचं एक पिवळं कार्ड खिशात आहे हे साहेब विसरले. दुसरं पिवळं, मग लाल. उरलेली वीस मिनिटं दहा जणांनी ओढली, शेवटी बरोबरी झाली आणि टायब्रेकरला गेलो ते गेलोच. तेव्हापासून वाण्याकडं गेला तरी कोणतरी विचारतंय, "आज शर्ट घातलास काय रे?" सात महिने झाले.

तर जावं का? गेला तर पैशाचं कागदावर कसं घ्यायचं? आणि ह्या गल्लीत राहून त्या पेठेकडून खेळणं जमतं का?

कट_वेगळा_द्या:
भावा, विषय हार्ड! पण जर्सीवरनं एवढं? २०२२ च्या वर्ल्डकपला कॅमेरूनच्या अबूबकरनं ब्राझीलविरुद्ध शेवटच्या क्षणाला गोल मारला, जर्सी काढली, दुसरं पिवळं. रेफरीनं हसत हात मिळवला आणि मग लाल कार्ड दाखवलं. जगानं त्याचं कौतुक केलं. आमच्या गल्लीत ब्राझीलचा कटआउट होता, आम्ही तेवढे रडलो. धाकट्याला सांग, तुझी जात अबूबकरची हाय.

निवृत्त_शिट्टी:
कौतुक झालं कारण तो सामना कॅमेरून जिंकलं. तरी स्पर्धेबाहेर गेलंच. मी बरीच वर्षं ह्या मैदानावर शिट्टी वाजवली, म्हणून सांगतो, जर्सी काढली की पिवळं, यात रेफरीला मोकळीक नाही. गोल नंतर रद्द झाला तरी कार्ड राहतं. मुलाला कायदे पाठ करायला लावा, क्लब कुठलाही असो. आपल्याकडची पोरं ऑफसाइडवर तासभर भांडतात, पण एकानंही नियमावली उघडलेली नसते. डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीच्या, बाहेर धरलं आणि आत जाईपर्यंत सोडलं नाही, तर ती पेनल्टी. तंगडी मात्र बाहेर घातली आणि खेळाडू आत जाऊन पडला, तर फ्री किक बाहेरूनच. एवढ्या एका गोष्टीवरून मी किती शिव्या खाल्ल्यात आणि एकदा स्टेडियममधनं पोलिसांच्या गाडीतनं घरी आलोय.

मूळ प्रश्नावर नंतर लिहितो, नातवाला क्लासला सोडायचं आहे.

विंडो_चोवीस_तास:
खेळाडूनं निष्ठा वगैरे डोक्यात घेऊ नये. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल क्लबचा स्ट्रायकर इसाक बघा. २०२५ ला न्यूकॅसलचा सराव सोडून बसला, शेवटच्या दिवशी लिव्हरपूलला गेला, साडेबारा कोटी पौंड. क्लबला खेळाडू नको असतो तेव्हा तो विकतो, मग खेळाडूनं का लाजायचं? माझ्या मते न्यूकॅसलनं आधीच विकायला पाहिजे होता, आणि लिव्हरपूलनं एवढ्या पैशात बचाव नीट करायला पाहिजे होता, कारण

कट_वेगळा_द्या:
कारण हा धागा लिव्हरपूलचा नाही मर्दा. तिकडं वेगळा धागा आहे.

पाठीवर_चौदा:
मी हे केलंय. त्यामुळं जरा लांबलचक लिहितो, चालवून घ्या.

तालीम सोडली तेव्हा मी २२ चा होतो. पैसे हे कारण होतं आणि पैसे मिळाले, निम्मे. उरलेले निम्मे "फायनलनंतर" होते, फायनल आली नाही. कागद नव्हता. मागायला गेलो की चहा पाजायचे.

पण ते सोडा. गल्लीचं सांगतो. कोण मारत नाही, कोण शिवीही देत नाही. फक्त संध्याकाळी कट्ट्यावर गेलो की बोलणं थांबायचं. जुन्या तालमीविरुद्ध पहिला सामना होता त्या दिवशी सकाळी आई देवळातनं परत आली, प्रसाद हातात तसाच. कुणीतरी काहीतरी बोललं असणार, तिनं आजपर्यंत सांगितलं नाही. स्टेडियमवर पहिला चेंडू पायात आला आणि ज्या बाजूनं लहानपणापासून माझ्या नावाची आरोळी यायची त्याच बाजूनं हुर्यो आला. मी सरळ पास टचलाइनच्या बाहेर मारला. चाळीस मिनिटांनी बाहेर काढलं.

जाऊ नको असं म्हणत नाही. आमच्यातले दोघं गेले, मजेत खेळले, एकाला खेळाडू कोट्यातनं नोकरीही लागली. मी चुकलो ते वेगळ्या ठिकाणी. मला ज्यांनी नेलं त्यांनी माझा खेळ बघून नेलंच नव्हतं. त्यांना जुन्या तालमीतला एक माणूस कमी करायचा होता. हे मला तिसऱ्या सामन्यात बाकावर बसल्यावर कळलं.

जुनी_गॅलरी:
चौदा दादा, तुमचं वाचून आईला दाखवलं नाही. बाकी पटलं.

डोंगरापल्याड:
ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्ड सहा वर्षांचा असल्यापासून लिव्हरपूलचा. २०२५ च्या मे महिन्यात जातोय म्हणून जाहीर केलं आणि पुढच्याच घरच्या सामन्यात बदली म्हणून उतरला तर लिव्हरपूलच्याच मैदानानं, ॲनफिल्डनं, हुर्यो केली. प्रीमियर लीग दोनदा जिंकून दिली, चॅम्पियन्स लीग जिंकून दिली, तरी. लिव्हरपूल ते माद्रिद विमानानं जावं लागतं. तुमच्या भावाला चालत दहा मिनिटं लागतील. एवढाच फरक.

मला विचाराल तर बघायचं उदाहरण नॉर्वेच्या ओडेगार्डचं. १६ व्या वर्षी रेआल माद्रिदनं उचलला, घरात पैसा, पेपरात फोटो. मग काय, हेरेनवेन, विटेस, रेआल सोसिएदाद, उसनवारीवर फिरत राहिला. २०२१ ला आर्सेनलला आला तेव्हा त्याला रोज खेळायला मिळालं आणि आज कॅप्टन आहे. १९ व्या वर्षी पोराला लागतात ती मिनिटं. पैसे कमी असले तरी चालतील, बाक नको.

गुडघा_ताई:
मी फिजिओ आहे. हंगामात दर आठवड्याला एखादा तरी पेठेतला पोरगा लंगडत येतो. आल्यावर पहिला प्रश्न "ताई, रविवारी खेळू का?" असतो, दुसरा "एमआरआयचे पैसे कोण देणार?" दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा वडील असं असतं.

एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध, तुटला तर ऑपरेशन आणि मग परत मैदानावर यायला साधारण नऊ महिने ते वर्ष. म्हणजे एक हंगाम गेलाच. तेव्हा बुलेटवरून आलेल्यांना विचारायचं ते हे, की दुखापत झाली तर तपासणी, ऑपरेशन आणि नंतरचे व्यायाम ह्यांचा खर्च कुणाचा? आणि खेळत नसताना ठरलेले पैसे चालू राहणार का? तोंडी "आपलाच पोरगा आहे हो" म्हणाले तर समजून जा. घरचाच क्लब असेल तर निदान वर्गणी काढून तरी धावतात, हे मी पाहिलंय. नव्याकडं तेवढी ओळख व्हायला वेळ लागतो.

आणि नऊ नंबरचे बूट दोन मोजे घालून वापरू देऊ नका. हसू नका, असे दोघं आलेत माझ्याकडं. पाय आत सरकतो, बोटांची नखं काळी पडतात आणि घोटा मुरगळतो.

चामडं_आणि_दोरा:
मी बूट शिवतो. स्टड बदलणं, सोल चिकटवणं, हेच काम. निम्म्या पेठांचे पाय मला पाठ आहेत.

तुमचा पोरगा विंगर, सात नंबर. आणलेत नऊ. दोन नंबरांची चूक अंदाजानं होत नाही. बूट घेणारा माणूस आधी नंबर विचारून घेतो. ते बूट दुसऱ्या कुणासाठी घेतलेत. त्यानं नाही म्हटलं, मग खोकं तुमच्याकडं आलं. नऊ लागणारा म्हणजे अंगानं मोठा, बहुतेक स्टॉपर नाहीतर गोलकीपर. ते विंगर शोधतायत असं मला वाटत नाही. बचावातला माणूस मिळाला नाही म्हणून दुसऱ्या पेठेतला कोणता पोरगा नाराज आहे ते शोधलं, तर तुमचा सापडला.

कट_वेगळा_द्या:
बेक्कार! काटा किर्र!

पाठीवर_चौदा:
चामडंवाले, पंधरा वर्षांपूर्वी कुठं होता तुम्ही.

निवृत्त_शिट्टी:
नातू पोचला. आता कामाचं.

एक, केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, ऑफिसात स्वतः जाऊन ह्या हंगामाचा नोंदणीचा नियम विचारा. कट्ट्यावरच्या माणसाला विचारू नका, तिथं प्रत्येकाचा नियम वेगळा. आधीच्या संघाची संमती कधी लागते, मध्येच परत येता येतं का, हे तिथं कळेल. दुसरं, नोंदणी आता ऑनलाइन होते, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस ह्या नोंदणी प्रणालीमध्ये. मुलाचा लॉगिन आणि कागदपत्रं मुलाकडं ठेवा. कुणी "द्या, मी भरतो" म्हटलं तरी. सही कुठं करतोय ते वाचल्याशिवाय सही नाही. पैशाचं साध्या कागदावर का होईना, तारखांसकट लिहून घ्या आणि दोन साक्षीदार घ्या. निम्मे आधी, निम्मे हंगामाच्या मध्यावर. "फायनलनंतर" हा शब्द दिसला तर खोडा.

आणि कॉलेज सोडू देऊ नका. मेडिकलचं दुकानही. २०२५ मध्ये आयएसएलचंच, म्हणजे देशातल्या वरच्या लीगचंच, घोडं अडून बसलं होतं, कराराचे खेळाडू घरी होते. मग आपली काय कथा. अनिकेत जाधव इथलाच. लहानपणी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१७ ला १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून उतरला, पुढं जमशेदपूर, हैदराबाद. तो ह्या पेठेतून त्या पेठेत गेला नव्हता, गावाबाहेर गेला होता. मुलात खरंच दम असेल तर तेवढा लांबचा विचार करा. ह्या गल्लीतनं त्या गल्लीत जाऊन शिव्या तेवढ्या वाढतात.

विंडो_चोवीस_तास:
मी अजूनही म्हणतो पैसे घ्यावेत. १९ व्या वर्षी आठपट कोण देतं? गुडघा दोन्ही तालमीत तुटू शकतो.

गुडघा_ताई:
हे मात्र खरं आहे.

जुनी_गॅलरी:
अपडेट. काल रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर बोलावलं होतं त्यांना. भाऊ, मी आणि चुलते. मी ताईंचा प्रश्न विचारला, "आपलाच पोरगा आहे हो" असंच उत्तर आलं, शब्दाला शब्द. चुलत्यांना हसू आवरेना, दूध मिशीला लागलं. कागदाचं म्हटल्यावर "विश्वास नाही काय" झालं.

मग भावानं स्वतः विचारलं, मला कुठं खेळवणार? त्या दोघांतला मोठा सरळ बोलला, "संघाला गरज असेल तिथं. सध्या बचावाला उजवा बॅक लागतोय." भाऊ म्हणाला, बूट नऊचे कुणासाठी होते? दुसरा पटकन म्हणाला, "दुकानदारानं चुकून दिले." मोठ्यानं मात्र त्याच्याकडं बघितलं. चामडंवाले, तुमचे पाय धरायचे राहिलेत.

ह्या वर्षी राहतोय. पण तसाच नाही. आज सकाळी तालमीत जाऊन कोचला म्हणाला, विंगलाच खेळणार, आणि शर्टाचा विषय परत निघाला तर सरावाला येणार नाही. कोच म्हणाले, शर्टाचं मी बघतो, तू क्रॉस नीट टाकायला शीक. पुण्यात निवड चाचण्या कधी असतात त्याची चौकशी चालू केलीय, कुणाला माहिती असेल तर सांगा.

एकच घोळ झालाय. बूट परत द्यायचे होते, पण दुपारी झोपेतनं उठलो तर फरशीवर टकटक आवाज. वडील ते घालून स्वयंपाकघरातनं अंगणात, अंगणातनं स्वयंपाकघरात फिरतायत. नऊ नंबर त्यांना अगदी बरोबर बसतोय.

चामडं_आणि_दोरा:
स्टड झिजायच्या आत काढून घ्या. परत देताना खोकंही द्या.