शब्दचर्चा: शाळांना ‘अकाउंटेबल’ धरणे मराठीत कसे म्हणावे?

मैत्रेयी_अनु

एका त्रैमासिकासाठी अमेरिकेतील शालेय शिक्षणावरच्या लेखाचा अनुवाद करते आहे आणि पहिल्याच वाक्यापाशी चार दिवस अडून बसले आहे. पब्लिक स्कूलना अकाउंटेबल धरण्यात फेडरल सरकारचा वाटा काय असावा, असा त्या वाक्याचा आशय आहे. मी लिहिले होते, ‘सरकारी शाळांना जबाबदार धरण्यात केंद्र सरकारची भूमिका’. संपादकांनी समासात शेरा मारून ते परत पाठवले: ‘कशाला जबाबदार? शाळांनी काय गुन्हा केला?’ शेरा आधी खोडसाळ वाटला, पण रात्री वाक्य पुन्हा वाचले तेव्हा मलाही त्यात पोलीस ठाण्याचा वास येऊ लागला. जाणकारांनी मदत करावी.

टाचण

संपादकांचा शेरा योग्य आहे आणि दोष ‘धरणे’ या क्रियापदाचा आहे. ‘जबाबदार माणूस’ ही स्तुती असते, पण ‘जबाबदार धरलेला माणूस’ हा आरोपी असतो. शिवाय आपला ‘ला’ हा प्रत्यय येथे दुहेरी काम करतो. ‘मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते’ या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातल्या वाक्यात ‘ला’ म्हणजे ज्याच्यापुढे उत्तर द्यायचे तो, आणि ‘चालक अपघाताला जबाबदार आहे’ यात ‘ला’ म्हणजे जे घडले ते. ‘शाळा पालकांना जबाबदार आहेत’ असे लिहिले, तर शाळा पालकांपुढे उत्तर देतात असा अर्थ घ्यायचा की पालक असे निपजले हा शाळांचा दोष असा घ्यायचा, हे वाचकाच्या मनःस्थितीवर अवलंबून राहील.

कृष्णाकाठ

‘उत्तरदायित्व’ हा सिद्ध आणि रुळलेला शब्द असताना हा खटाटोप कशासाठी, ते समजत नाही. ‘शाळांचे उत्तरदायित्व निश्चित करण्यातील संघीय शासनाची भूमिका’ असे लिहावे आणि मोकळे व्हावे. ‘जबाबदार’ मुळात फारसी आहे. शिवकाळात राजव्यवहारकोश रचून कारभारातले फारसी शब्द बाजूला सारण्याचा प्रयत्न झाला होता, आणि आपण साडेतीनशे वर्षांनंतरही त्याच शब्दांना कवटाळून बसलो आहोत.

निवृत्त_हेडमास्तर

कृष्णाकाठ यांचा आदर राखून सांगतो की, तीस वर्षांच्या नोकरीत ‘उत्तरदायित्व’ हा शब्द मी केवळ परिपत्रकांत वाचला. कोणाच्या तोंडून ऐकला नाही. विस्तार अधिकारी तपासणीला येत, वर्गावर्गांत फिरून मुलांना वाचायला लावत आणि जाताना शेरेबुकात चार ओळी लिहीत. पुढच्या भेटीत मागच्या शेऱ्यांची पूर्तता झाली नसेल, तर ते जाब विचारत. गावच्या सभेतही पालक जाबच विचारत. ‘जाब विचारणे’ या दोन शब्दांत विचारणारा कोण, उत्तर देणारा कोण आणि उत्तर न दिल्यास काही तरी होईल हा धाक, हे सगळे येते. मैत्रेयीताईंनी ‘शाळांना जाब विचारण्यात’ असे लिहून पाहावे.

कृष्णाकाठ

गुरुजी, ‘जाब’ देखील फारसीच.

रानपाखरू

माझे आजोबा ‘जाब’ची व्युत्पत्ती संस्कृत ‘जल्प’पासून, म्हणजे बोलण्यापासून, सांगत असत. जल्प, जाप, जाब.

टाचण

आजोबांची क्षमा मागून: ‘जाब’ हे ‘जबाब’चेच आखडलेले रूप आहे, आणि मूळ शब्द फारसीच्या वाटेने आलेला अरबी ‘जवाब’ आहे. पेशवेकालीन पत्रांत वाटाघाटींसाठी ‘जाबसाल’ हा शब्द येतो. तो ‘जवाब’ आणि ‘सवाल’ यांचा जोड आहे. त्यात ‘साल’चा वर्षाशी जितका संबंध, तितकाच ‘जाब’चा जल्पाशी. मात्र जो शब्द मराठीत इतका आखडला, घासला गेला आणि ज्याने नवे अर्थ धारण केले, त्याला परका कसे म्हणायचे, हे कृष्णाकाठ यांनी सांगावे.

मुक्काम_ओहायो

अठरा वर्षे येथे राहतो आणि माझी दोन्ही मुले येथल्या पब्लिक स्कूलमध्ये शिकली, म्हणून शब्दाआधी वस्तूविषयी थोडे लिहितो. वस्तू नीट दिसली की शब्द सापडणे सोपे जाईल.

‘सरकारी शाळा’ आणि ‘केंद्र सरकार’ हे दोन्ही शब्द येथे दिशाभूल करतात. भारतात ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की भरमसाट फीची खासगी शाळा डोळ्यांपुढे येते, म्हणून तो शब्द तसाच ठेवता येत नाही, हे मान्य. पण येथली शाळा ज्या ‘डिस्ट्रिक्ट’ची असते, तो आपला जिल्हा नव्हे. ती केवळ शाळा चालवण्यासाठी असलेली स्वतंत्र स्थानिक संस्था आहे. तिचे मंडळ आम्ही निवडून देतो, तिचा बराचसा खर्च घरांवरील करातून भागतो, आणि करवाढ हवी असल्यास आमच्याकडे त्यासाठी मतदान घ्यावे लागते. वॉशिंग्टनचा वाटा एकूण खर्चाच्या साधारण दहा टक्क्यांच्या आत-बाहेर असतो. अमेरिकेच्या घटनेत शिक्षणाचा उल्लेखही नाही, आणि दहाव्या दुरुस्तीनुसार जे अधिकार फेडरल सरकारला दिलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात.

मग हे सरकार शाळांना जाब विचारते कोणत्या अधिकाराने? पैशाच्या. 1965 साली जॉन्सन यांच्या कारकिर्दीत प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायदा झाला आणि त्याच्या पहिल्या प्रकरणान्वये गरीब मुलांच्या शाळांसाठी निधी मिळू लागला. तो निधी गरीब मुलांपर्यंत खरोखर पोहोचतो काय, याचे मूल्यमापन झालेच पाहिजे, असा आग्रह रॉबर्ट केनेडी यांनी तेव्हाच धरला होता. पुढचे सगळे त्या एका अटीतून वाढत गेले.

2002 च्या जानेवारीत धाकट्या बुश यांनी ‘एकही मूल मागे राहू नये’ अशा नावाच्या कायद्यावर सही केली, तेव्हा त्या अटीला दात आले. तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कुलात एकदा वाचन व गणिताची चाचणी सक्तीची झाली. निकाल केवळ सरासरीने न देता कृष्णवर्णीय, गरीब, अपंग, इंग्रजी शिकणारी अशा गटांनुसार वेगवेगळा जाहीर करायचा होता, आणि यांपैकी एक गट जरी ठरलेल्या वार्षिक लक्ष्यापासून मागे पडला, तरी सगळी शाळा नापास. सलग दोन वर्षे लक्ष्य हुकले की पालकांना दुसरी शाळा निवडण्याची मुभा, तिसऱ्या वर्षी शाळेच्या पैशाने शिकवणी, आणि पुढे शिक्षक-व्यवस्थापन बदलण्यापर्यंत पायऱ्या होत्या. 2014 पर्यंत शंभर टक्के मुले ‘प्रवीण’ झाली पाहिजेत, असे कायद्यातच लिहिलेले होते. मात्र ‘प्रवीण’ कोणाला म्हणायचे, हे ज्या त्या राज्याने ठरवायचे असल्यामुळे काही राज्यांनी प्रावीण्याची रेषाच खाली आणली.

निवृत्त_हेडमास्तर

म्हणजे परीक्षा वरच्यांची, आणि पास होण्याची रेषा ज्याची त्याने आखायची. हे मला अपरिचित वाटत नाही. आमच्याकडे 2011 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा कितीतरी शाळांच्या पटावरची मुले प्रत्यक्षात नव्हतीच, असे उघड झाले. अनुदान पटावर अवलंबून असले की पट फुगतो, आणि निकालावर अवलंबून असले की निकाल फुगत असेल.

मुक्काम_ओहायो

फुगलाच, गुरुजी. अटलांटामध्ये शिक्षकांनी व मुख्याध्यापकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांवरील चुकीच्या खुणा खोडून बरोबर खुणा केल्याचे 2011 च्या राज्यस्तरीय चौकशीत निघाले. 178 जणांची नावे अहवालात होती आणि 2015 मध्ये अकरा जण न्यायालयात दोषी ठरले. त्यांच्या संदर्भात ‘जबाबदार धरले’ हा शब्दप्रयोग मात्र अगदी चपखल बसतो.

त्याच वर्षी, म्हणजे 2015 च्या डिसेंबरमध्ये, ओबामांनी बुश यांच्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यावर सही केली. चाचण्या आणि गटवार निकाल तसेच राहिले; पण सर्वांत मागे असलेल्या पाच टक्के शाळा, आणि दोन तृतीयांश मुलेही उत्तीर्ण होऊन बाहेर पडत नाहीत अशी हायस्कुले, यांचे काय करायचे, हे राज्यांवर सोपवले गेले. दर शाळेचा वार्षिक अहवाल आजही प्रसिद्ध होतो आणि आमच्या राज्यात त्यावर तारे असतात. त्याला इंग्रजीत ‘रिपोर्ट कार्ड’ असे नाव आहे, त्यासाठी मराठीत ‘प्रगतिपुस्तक’ हा घरचा शब्द तयार आहे. तो तरी कोणी बदलू नये.

टाचण

हे वाचल्यावर माझे मत बदलले. इंग्रजी शब्दाच्या पोटात ‘अकाउंट’ आहे, म्हणजे हिशेब, आणि येथे प्रकरणही पैसे देऊन हिशेब मागण्याचेच आहे. ‘शाळांकडून हिशेब मागण्यात’ असे लिहिले, तर ज्याला घटनेने अधिकार दिला नाही तो कशाच्या बळावर विचारतो आहे, हेही वाचकाला कळते. ‘जाब’ वरिष्ठ विचारतो. हिशेब पैसे देणारा मागतो.

रानपाखरू

‘हिशेब’ म्हटल्यावर वाचक जमाखर्चच समजेल. मुलाला वाचता येत नाही, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडणार?

कृष्णाकाठ

आणि ‘हिशेब’ हा अरबी शब्द आहे, हे पुन्हा एकदा नम्रपणे नोंदवतो. ‘मुख्याध्यापक’ हा शब्द भाषाशुद्धीच्या चळवळीने दिला, त्या वेळीही लोक हसले असतील. आज आपले गुरुजी मात्र स्वतःला ‘हेडमास्तर’ म्हणवून घेतात, आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही.

निवृत्त_हेडमास्तर

नेमणूकपत्रावर ‘मुख्याध्यापक’ होतो, गावात हेडमास्तर. दोन्ही शब्दांनी पगार एकच मिळाला.

टाचण

‘फेडरल’चा प्रश्न राहिलाच. ‘केंद्र’ म्हटले की आपल्या मनात दिल्ली उभी राहते, आणि दिल्लीची गोष्ट उलटी आहे: शेषाधिकार, म्हणजे कोणत्याच सूचीत न आलेले अधिकार, आपल्याकडे केंद्राकडे असतात, आणि शिक्षणही 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये या दोघांच्या अखत्यारीत, गेले. ‘संघीय’ हा हिंदीचा वास असलेला असला, तरी मला येथे कमी घातक वाटतो.

मुक्काम_ओहायो

‘संघीय’ला माझी हरकत नाही; मात्र लेखात आजची स्थिती येणार असेल, तर 20 मार्च 2025 चा अध्यक्षीय आदेश विसरू नये. 1979 च्या कायद्याने निर्माण झालेले शिक्षण खातेच गुंडाळण्याच्या दिशेने पावले टाकावीत, असे त्यात सांगितले आहे. खाते काँग्रेसच्या, म्हणजे येथल्या संसदेच्या, कायद्याशिवाय बंद करता येत नाही आणि चाचण्यांचा कायदाही जागेवर आहे. तेव्हा जाब असो की हिशेब, तो विचारायला कोण उरणार, हा येथल्या पालकांपुढचा प्रश्न आहे.

मैत्रेयी_अनु

सर्वांचे आभार. मी ‘स्थानिक सार्वजनिक शाळांकडून हिशेब मागण्यात संघीय सरकारचा वाटा’ असे लिहून काल रात्री पाठवले होते. आज सकाळी संपादकांचा निरोप आला की ‘हिशेब’ काढून ‘उत्तरदायित्व’ घातले आहे, ‘संघीय’च्या जागी ‘केंद्रीय’ केले आहे, आणि ‘स्थानिक सार्वजनिक शाळा’ लांबते म्हणून पुन्हा ‘सरकारी शाळा’ ठेवले आहे. छपाईला अजून आठवडा आहे, म्हणून विचारते: निदान ‘सरकारी’ तरी बदलून घेता येईल, असा एखादा आटोपशीर शब्द कोणाला सुचतो काय?

निवृत्त_हेडमास्तर

ताई, 1962 मध्ये जिल्हा परिषदा येण्यापूर्वी आमच्याकडे स्कूल बोर्डे होती, आणि माझी आई शेवटपर्यंत ‘बोर्डाची शाळा’ असेच म्हणत असे. ओहायोचे गृहस्थ सांगतात ती वस्तू मला तरी हुबेहूब तीच वाटते.

कृष्णाकाठ

‘बोर्ड’ इंग्रजी आहे.