‘ऑक्युपाय’ला मराठीत काय म्हणायचं?

न्यूयॉर्कच्या २०११ च्या ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’वर, म्हणजे तिथल्या बँका-शेअरबाजाराच्या रस्त्याचं नाव घेऊन बड्या पैसेवाल्यांविरुद्ध झालेल्या आंदोलनावर लिहितोय आणि मथळ्यातच अडकलोय. ‘वॉल स्ट्रीट बळकावा’ लिहिलं तर भूखंडवाले वाटतात. आणि आंदोलकांचा राग ज्यांच्यावर होता त्या सगळ्यात वरच्या १ टक्केवाल्यांना नुसतं ‘श्रीमंत’ म्हटलं तर पुरेल का?

– बळकावणे, कब्जा दोन्ही नकोत. कब्जा म्हणजे जागा ताब्यात आली, आधीचा मालक बाहेर. ही मंडळी वॉल स्ट्रीटवर बसलीच नव्हती, तो रस्ता पोलिसांनी आधीच अडवला होता म्हणून जवळच्या झुकोटी पार्कात बसली, १७ सप्टेंबरपासून ते थेट १५ नोव्हेंबरला रात्री पोलिसांनी हुसकावेपर्यंत. गंमत म्हणजे ते पार्क खाजगी मालकीचं पण लोकांना २४ तास खुलं ठेवायच्या अटीवरचं, त्यामुळे सरकारी बागांसारखं ‘वेळ संपली, चला निघा’ करता येईना. म्हणून ‘ठिय्या’. मोर्चा येतो नि जातो, ठिय्या मारला की हलायचं नाही.

– मग धरणे का नको? पूर्वी धनको पैसे वसूल व्हावेत म्हणून ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा, ते मूळ धरणं. इथे स्टुडंट लोनखाली दबलेली पोरं सावकाराच्या दारात, म्हणजे उलटंच झालं म्हणा, पण २००८ मध्ये बँका बुडायला लागल्यावर त्यांना सावरायला ७०० अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद मंजूर झाली ती सरकारी तिजोरीतूनच ना? मग येणेकरी कोण नि देणेकरी कोण!

– मुद्दा भारी आहे पण आता धरणं म्हटलं की दिवसभर मांडवात बसून संध्याकाळी निवेदन देऊन घरी. ते इथे बसत नाही, ही लोकं तंबू ठोकून राहत होती. ठिय्याच.

– १ टक्केवाल्यांना ‘धनदांडगे’. श्रीमंत असणं हा काही गुन्हा नाही, राग होता तो पैशाच्या जोरावर कायदे नि निवडणुका वाकवण्यावर, आणि ती दांडगाई या शब्दात आयती आहे. ‘अभिजन’ अजिबात नको, त्यात विद्वान, कलावंत सगळेच येतात. ‘बडी धेंडं’ बोलताना मस्त, लेखात जरा कुचकट वाटेल.

– आणि ‘ह्यूमन माइक’? लाउडस्पीकरला परवानगी नव्हती म्हणून एकाने तुकड्या-तुकड्याने बोलायचं आणि जवळच्यांनी तेच एकसुरात मागे पोचवायचं.

– ‘माणसांचा माइक’ लिही की सरळ, जनध्वनिक्षेपक वगैरे करू नकोस प्लीज.

– ओके, मथळ्यात ठिय्या, आत धनदांडगे. धनको-ऋणकोचं ढापतोय.