डोनेपेझिल रात्री की सकाळी? आईची झोप मोडते आहे

साताऱ्याची लेक: आई ७४ वर्षांची. विस्मरणासाठी दोन महिने रात्री जेवणानंतर डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम चालू आहे. दिवसा फरक जाणवतो. परवा चकलीच्या भाजणीचं प्रमाण न अडखळता सांगितलं. पण रात्री अडीचला दचकून उठते, "विहिरीवर कोण उभं आहे?" विचारते. ती विहीर बुजवून तीस वर्षं झाली. आठवणी झोपेतच पक्क्या होतात म्हणतात. मग आठवणीचं औषधच झोप मोडत असेल तर काय करायचं?

फळा-खडू: ताई, मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही. औषध बंद करू नका, वेळही डॉक्टरांना विचारूनच बदला.

हे औषध मेंदूतलं ॲसिटिलकोलिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, मोडू देत नाही. जागेपणी नवं टिपून घ्यायला ते हवंच. गाढ झोपेत मात्र त्याची पातळी खूप उतरते, आणि ते उतरणंच मोलाचं. तेव्हा मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, सेकंदाला एकाहूनही कमी अशा संथ लाटा उठतात, त्यांच्यासोबत मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागाकडून स्पिंडल नावाच्या जलद लहरी येतात, आणि नव्या आठवणी टिपणारा हिप्पोकॅम्पस हा भाग दिवसभराची उजळणी करून ती बाह्यकाच्या हवाली करतो. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी झोपलेल्या उंदरांच्या पेशींत ही उजळणी टिपली.

गाइस आणि बॉर्न यांचा २००४ चा प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगतो. शब्दजोड्या पाठ केलेल्या निरोगी माणसांना गाढ झोपेच्या वेळी ॲसिटिलकोलिन वाढवणारं फायसोस्टिग्मिन दिलं. शब्दजोड्या पक्क्या झाल्याच नाहीत! आरशात बघून आकृती गिरवायचं कसब मात्र शाबूत राहिलं. पण ती निरोगी माणसं, औषध एकाच रात्रीचं. आईंच्या आजारात हे रसायन मुळातच कमी पडतं, म्हणून तो निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लावू नका.

स्वप्नांचं म्हणाल, तर रेम झोपेत, म्हणजे ठळक स्वप्नं पडतात त्या झोपेत, ॲसिटिलकोलिन एरवीही चढतं. त्यात औषधाची भर पडली की स्वप्नं फार ठसठशीत होतात.

नाशिकचा दादा: आमच्या वडिलांनाही असंच व्हायचं. डॉक्टरांनी गोळी सकाळच्या नाश्त्यानंतर द्यायला सांगितली, आठवड्याभरात रात्री शांत झाल्या.

साताऱ्याची लेक: आत्ताच डॉक्टरांशी बोलले. उद्यापासून सकाळी द्यायची. सर, आज रात्री तिने पुन्हा विहिरीबद्दल विचारलं तर "बुजवली" म्हणणार नाही. हात धरून बसेन.